इटलीतील हॉटेलांचे नियम विचारताना: कामाला येणारी इटालियन वाक्ये आणि त्यांची उत्तरे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पती-पत्नी, पतीचे आई-वडील आणि अकरा वर्षांची मुलगी असे पाच जण रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस येथे कुटुंबांनी चालवलेल्या लहान हॉटेलांत राहणार आहेत आणि मधले दोन दिवस भाड्याची गाडी घेऊन टस्कनीतील एका शेतघरात काढणार आहेत. हॉटेलचे नियम विचारण्यासाठी कोणती इटालियन वाक्ये पाठ करावीत, आणि त्यांची उत्तरे कशी ओळखावीत, असे त्यांनी विचारले आहे.

मी बरीच वर्षे इटालियन शिकवते आणि मराठी पर्यटकांच्या गटांबरोबर दुभाषी म्हणून इटलीत जाते. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट स्पष्टपणे सांगते. या तीनही शहरांत स्वागतकक्षावर दिवसा इंग्रजी बहुतेक ठिकाणी चालते. इटालियनची गरज पडते ती रात्री दार उघडणाऱ्या माणसाशी, खोली आवरणाऱ्या बाईशी, न्याहारी वाढणाऱ्या आजींशी आणि शेतघराच्या मालकाशी बोलताना. आणि सर्वांत जास्त पडते ती दारामागे लावलेला नियमांचा कागद वाचताना. म्हणून पन्नास वाक्ये पाठ करण्याऐवजी चार-पाच साचे पक्के करावेत आणि त्यांत शब्द बदलत जावे, असा माझा आग्रह असतो. मराठी माणसाला हे साचे शिकणे सोपे जाते, कारण ‘चालतं का’, ‘चालेल का’, ‘लागतं का’ आणि ‘गरज नाही’ हे भेद आपल्या बोलण्यात आधीच आहेत.

साच्यांकडे वळण्यापूर्वी उच्चारांबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण चुका मुख्यतः तेथे होतात. इटालियनमधील त आणि द हे आपल्या त-द सारखे दंत्य आहेत. इंग्रजीच्या सवयीने आपण ‘टास्सा’ म्हणतो, ते ‘तास्सा’ असे म्हणावे. जोडव्यंजन पूर्ण दाबून म्हणावे लागते: ‘कासा’ म्हणजे घर आणि ‘कास्सा’ म्हणजे पैसे भरण्याची खिडकी. आपल्याला ‘सतर’ आणि ‘सत्तर’ यांतला फरक जसा ऐकू येतो, तसाच तो त्यांना येतो. मराठीत च दोन प्रकारचा आहे, आणि इटालियनसाठी तो मोठा ठेवा आहे. ‘चहा’मधला च हा त्यांच्या ‘चे’, ‘उन्दिची’ या शब्दांतला आहे, तर ‘चमचा’मधला च जवळजवळ हुबेहूब त्यांच्या ‘कोलात्सियोने’मध्ये, म्हणजे न्याहारीच्या शब्दात, येतो. खाली मी त्यासाठी ‘त्स’ लिहिले आहे. जेथे ‘झ’ लिहिला आहे तेथे ‘बाजार’मधल्या ज सारखा उच्चार करावा. रोमन अक्षरांत ‘सी-एच-आय’ दिसले की आपण ‘ची’ वाचतो, पण तो ‘की’ असतो. किल्लीला ‘कियावे’ म्हणतात, ‘चियावे’ नाही. आणि ‘कामेरा’ म्हणजे खोली, हे पहिल्या दिवशीच लक्षात ठेवावे. त्यात जोर ‘का’वर आहे.

बोलण्याची सुरुवात नेहमी अभिवादनाने करावी. काउंटरपाशी जाऊन एकदम प्रश्न विचारणे तेथे उद्धटपणाचे मानले जाते. सकाळी ‘ब्वोन्जोर्नो’, दुपार उलटल्यावर ‘ब्वोनासेरा’, त्यानंतर ‘स्कूझी’, म्हणजे ‘माफ करा, जरा विचारायचं होतं’. हा ‘स्कूझी’ अहो-जाहोचा शब्द आहे; ‘स्कूझा’ म्हटले तर ते अरे-तुरे होते. त्याचप्रमाणे ‘तुम्ही सांगू शकाल का’ यासाठी ‘मी प्वो दीरे?’ असे म्हणावे. मोबाइलवरील भाषांतर पुष्कळदा ‘प्वोई’ असे रूप देते, ते एकेरी आहे. सत्तरीच्या मालकिणीला ते म्हणणे म्हणजे आपल्याकडे अनोळखी आजोबांना ‘सांग बघू’ म्हणण्यासारखे आहे. परदेशी माणूस म्हणून ते समजून घेतात हे खरे, पण योग्य रूप वापरले की समोरच्याचा चेहरा खुलतो हेही मी वारंवार पाहिले आहे.

आता पहिला साचा. नियम विचारायचा असेल तर ‘सी प्वो...?’ असे म्हणावे. याचा कर्ता कोणी एक व्यक्ती नाही. ‘करता येतं का?’, ‘चालतं का?’ असाच त्याचा भाव आहे. ‘सी प्वो मान्जारे इन कामेरा?’ म्हणजे खोलीत खाल्लेले चालते का. ‘सी प्वो उझारे इल बोल्लितोरे?’ म्हणजे विजेची किटली वापरता येते का. हे वाक्य आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचे आहे, कारण इटलीतील लहान हॉटेलांच्या खोल्यांत किटली सहसा ठेवलेली नसते आणि आपण ती घरून नेतो. विजेचा दाब तेथेही २३० व्होल्टच आहे आणि बारीक दोन पिनांचा आपला प्लग बहुतेक ठिकाणी बसतो, तरीही जुन्या इमारतींत जास्त वीज खाणारी उपकरणे चालवू देत नाहीत. किटली किंवा छोटा विजेचा कुकर बॅगेत असेल तर पहिल्याच संध्याकाळी विचारून घ्यावे. खोलीत नकार मिळाला, तर ‘मी प्वो दारे देल्लाक्वा काल्दा?’, म्हणजे ‘थोडं गरम पाणी द्याल का?’, असे न्याहारीच्या खोलीत विचारता येते, आणि त्याला क्वचितच कोणी नाही म्हणते. ‘काल्दो’ म्हणजे गरम, हे येथेच लक्षात ठेवावे. नळावर रोमन ‘सी’ अक्षर असेल तर तो नळ गरम पाण्याचा असतो, आणि ज्येष्ठांना हे आधी सांगून ठेवणे हिताचे.

कपडे वाळत घालण्याविषयीही हाच साचा: ‘सी प्वो स्तेन्देरे इल बुकातो सुल बाल्कोने?’ रस्त्याकडच्या सज्जात कपडे घालू देत नाहीत असे पुष्कळ ठिकाणी आढळते, पण मागच्या अंगणात दोरी असते आणि विचारल्यावर ती दाखवतात. धूम्रपानाबद्दल मात्र ‘खोलीत चालतं का’ असे विचारण्यात अर्थ नाही. २००३ च्या ३ क्रमांकाच्या कायद्याने सार्वजनिक बंदिस्त जागांत धूम्रपानाला मनाई केली आणि ती १० जानेवारी २००५ पासून लागू झाली. तेव्हाचे आरोग्यमंत्री जिरोलामो सिर्किया यांच्या नावाने इटालियन लोक आजही त्या कायद्याचा उल्लेख करतात. विचारायचेच असेल तर ‘दोवे सी प्वो फुमारे?’, म्हणजे ‘कोठे चालतं?’, असे विचारावे.

‘चालतं का?’ आणि ‘चालेल का?’ यांत आपण फरक करतो. पहिल्यात नियम विचारतो, दुसऱ्यात सवलत मागतो. इटालियनमध्येही तसाच फरक आहे आणि लहान हॉटेलात तो फार उपयोगी पडतो. सवलतीसाठी ‘सारेब्बे पोस्सीबिले...?’ असे म्हणावे. आपल्या ‘जमेल का?’च्या तो अगदी जवळ आहे. खोली सोडण्याची वेळ सकाळी दहाची आहे आणि गाडी दुपारी तीनची आहे, अशा वेळी ‘सी प्वो?’ विचारले तर नियमानुसार ‘नाही’ असेच उत्तर येईल. त्याऐवजी ‘सारेब्बे पोस्सीबिले लाशारे ला कामेरा आ मेद्झोजोर्नो?’, म्हणजे ‘बारा वाजता खोली सोडली तर जमेल का?’, असे विचारले आणि शेजारी वृद्ध सासूबाई बसलेल्या असल्या, तर ‘फाच्चामो उनेच्चेत्सियोने’ हे उत्तर मिळण्याचा संभव बराच असतो. त्याचा अर्थ ‘अपवाद करू’. मात्र नियम आधी समजून घ्यावा आणि सवलत मागाहून मागावी. नियम न विचारता थेट सवलत मागणाऱ्यांना मालक टाळतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरा साचा ‘बिझोन्या...?’ हा आहे, म्हणजे ‘करावं लागतं का?’. ‘बिझोन्या लाशारे ला कियावे आल्ला रेसेप्शन?’ म्हणजे बाहेर जाताना किल्ली काउंटरवर ठेवावी लागते का. ‘बिझोन्या प्रेनोतारे ला कोलात्सियोने?’ म्हणजे न्याहारी आधी सांगून ठेवावी लागते का. विचारणे सोपे आहे. सावध राहायचे ते उत्तराच्या वेळी, आणि या एका जागेवर मी वर्गात पूर्ण तास घालवते. ‘नोन बिझोन्या’ याचा अर्थ आपल्याला ‘लागत नाही’ असा वाटतो, पण त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘करू नये’ असा असतो. ‘गरज नाही’ यासाठी ते ‘नोन चे बिझोन्यो’, ‘नोन सेर्वे’ किंवा ‘नोन ओक्कोर्रे’ असे म्हणतात. मध्ये ‘चे’ आला आणि शेवटचा स्वर बदलला की अर्थ उलटतो.

हा धडा मला स्वतःला एका छोट्या पेन्सियोनेत, म्हणजे घरगुती हॉटेलात, मिळाला. मालकिणीने सांगितले, ‘नोन बिझोन्या लाशारे ला कियावे नेल्ला पोर्ता’. मी समजले की दारात किल्ली ठेवण्याची गरज नाही, म्हणजे ठेवली तरी हरकत नाही, आणि रात्री आतून कुलूप लावून किल्ली तशीच दारात राहू दिली. त्या प्रकारच्या कुलपात आतून किल्ली असली की बाहेरून दुसरी किल्ली फिरत नाही. माझ्याबरोबरची बाई उशिरा परतली, तिच्या किल्लीने दार उघडेना, मी गाढ झोपले होते, आणि मालकिणीला मध्यरात्री उठावे लागले. तिने मला आधी पूर्ण स्पष्ट शब्दांत बजावले होते; चूक माझ्या समजण्यात होती. तेव्हापासून उत्तर नकारार्थी आले की मी लगेच पडताळून पाहते: ‘क्विंदी नोन सी प्वो?’, म्हणजे ‘म्हणजे चालत नाही, असंच ना?’. होकार आला की शंका उरत नाही.

नियमांच्या कागदावर आणि मालकांच्या तोंडी आणखी एक रूप सतत येते, आणि ते मला वाक्यांच्या पुस्तकांत सहसा दिसत नाही. ‘वा’ म्हणजे ‘जातो’ किंवा ‘जाते’, हे आपण शिकतो. परंतु ‘ला कामेरा वा लाशाता एन्त्रो ले दिएची’ याचा अर्थ खोली कोठे जाते असा नाही. ‘खोली दहाच्या आत सोडायची असते’ असा आहे. ‘ला तास्सा वा पागाता इन कोन्तान्ती’ म्हणजे कर रोख भरायचा असतो. अनेकवचनात ‘वान्नो’ येते: ‘ले कियावी वान्नो लाशाते इन रेसेप्शन’, किल्ल्या काउंटरवर ठेवायच्या असतात. मराठीतले ‘-ायचं असतं’ हे रूप याच्या इतके जवळ आहे की एकदा दाखवले की विद्यार्थी पुन्हा विसरत नाहीत. ‘वा’च्या पुढे क्रियापदाचे असे रूप ऐकू आले की समोरचा नियम सांगत आहे, असे धरावे.

तिसरा साचा वेळेचा. येथे मराठी आपल्याला मदत न करता अडवते, कारण आपले ‘पर्यंत’ दोन्ही अर्थांनी चालते. ‘दहापर्यंत खोली सोडा’ आणि ‘दहापर्यंत न्याहारी मिळते’ या दोन वाक्यांत आपण एकच शब्द वापरतो. इटालियनमध्ये पहिल्यासाठी ‘एन्त्रो’ आणि दुसऱ्यासाठी ‘फीनो आ’ लागतो. ‘एन्त्रो’ म्हणजे त्या वेळेच्या आत काम उरकायचे. ‘फीनो आ’ म्हणजे त्या वेळेपर्यंत सोय चालू राहील. म्हणून ‘एन्त्रो के ओरा बिझोन्या लाशारे ला कामेरा?’ असे खोली सोडण्याविषयी, आणि ‘फीनो आ के ओरा सी फा कोलात्सियोने?’ असे न्याहारीविषयी विचारावे. खोली ताब्यात कधी मिळेल यासाठी ‘दा के ओरा ए दिस्पोनीबिले ला कामेरा?’. उत्तर पुष्कळदा चोवीस तासांच्या घड्याळात येते: ‘क्वात्तोर्दिची’ म्हणजे चौदा, आपले दुपारचे दोन, ‘क्विन्दिची’ म्हणजे पंधरा, दुपारचे तीन. हे दोन शब्द घाईत सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘मे लो प्वो स्क्रीवेरे?’, ‘मला लिहून द्याल का?’, असे म्हणून कागद पुढे करावा. वेळ आणि रक्कम या दोन गोष्टी मी स्वतःही लिहूनच घेते.

खोली सोडल्यानंतर सामान ठेवण्याचा प्रश्न प्रत्येक शहरात येईल: ‘पोस्सियामो लाशारे ई बागाल्यी दोपो इल चेक-आउट?’ आणि त्याला जोडून ‘सी पागा?’, म्हणजे ‘पैसे पडतात का?’. रात्रीच्या दाराचेही आधीच विचारावे. लहान हॉटेल अनेकदा जुन्या इमारतीच्या एखाद्या मजल्यावर असते आणि रस्त्यावरचा मोठा दरवाजा, ज्याला ‘पोर्तोने’ म्हणतात, रात्री बंद होतो. ‘कोमे सी एन्त्रा दोपो मेद्झानोत्ते?’, म्हणजे ‘मध्यरात्रीनंतर आत कसं यायचं?’, या प्रश्नाला कधी किल्ली, कधी आकडे दाबण्याचे कुलूप, तर कधी ‘सुओनी इल काम्पानेल्लो’, म्हणजे ‘घंटी वाजवा’, असे उत्तर येते.

आता पारपत्राविषयी, आणि याबाबत थोडे सविस्तर लिहिते, कारण पाचही पारपत्रे काउंटरवर द्यावी लागली की आपले ज्येष्ठ अस्वस्थ होतात. इटलीत १९३१ च्या सार्वजनिक सुरक्षाविषयक कायद्याच्या १०९ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक पाहुण्याची ओळख पटवून त्याची माहिती पोलिसांकडे पाठवणे हॉटेलचालकावर बंधनकारक आहे. ही माहिती आल्यापासून चोवीस तासांच्या आत, आणि मुक्काम एका दिवसाहून कमी असेल तर सहा तासांच्या आत, संगणकावरून पाठवावी लागते. म्हणून पारपत्र मागणे ही हॉटेलची मर्जी नसते. माहिती उतरवून झाली की ते परत मिळायला हवे, आणि त्यासाठी ‘क्वान्दो पोस्सो रियावेरे ई पास्सापोर्ती?’ असे निःसंकोच विचारावे.

याच नोंदीचा आपल्याला आणखी एक उपयोग आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला उतरून पुढे इटलीत जातात. शेंगेनमधल्या, म्हणजे आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटातल्या, दुसऱ्या देशातून इटलीत आलेल्या परकीय नागरिकाने आठ दिवसांच्या आत आपल्या उपस्थितीची माहिती द्यावी, असा २००७ च्या ६८ क्रमांकाच्या कायद्याचा नियम आहे. हॉटेलात राहणाऱ्यांसाठी हॉटेलने भरलेल्या आणि आपण सही केलेल्या नोंदीची प्रत त्यासाठी पुरते. तेव्हा पहिल्याच हॉटेलात ‘मी प्वो दारे ऊना कोपिया देल्ला दिकियारात्सियोने दी प्रेझेन्त्सा?’ असे म्हणून ती प्रत मागून घ्यावी आणि पारपत्रात जपून ठेवावी. वाक्य लांब आहे. ते कागदावर लिहून दाखवले तरी काम होते.

खोलीत बाहेरच्या माणसाला नेण्याबाबत हॉटेले कडक असतात, त्याचे कारणही हीच नोंद आहे. रोममध्ये शिकणारा एखादा भाचा आजी-आजोबांना भेटायला येणार असेल तर ‘नोस्त्रो निपोते प्वो सालीरे इन कामेरा?’, म्हणजे ‘आमचा भाचा वर खोलीत येऊ शकतो का?’, असे आधी विचारावे. ‘निपोते’ हा शब्द नातू, पुतण्या, भाचा या सगळ्यांना चालतो, त्यामुळे नाते समजावत बसण्याची गरज नाही. नियमांच्या कागदावर ‘ओस्पिती’ असा शब्द दिसेल. एकवचनी ‘ओस्पिते’ यजमानालाही म्हणतात आणि पाहुण्यालाही. हॉटेलच्या कागदावर ‘ओस्पिती’ म्हणजे आपण, मुक्कामाला असलेले. बाहेरून भेटायला येणाऱ्यांना ‘विझितातोरी’ म्हटलेले असते.

कराचा विषय पाच जणांच्या कुटुंबासाठी खर्चाच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे. ‘तास्सा दी सोज्जोर्नो’ हा मुक्कामाचा कर माणशी आणि रात्रीगणिक घेतला जातो. तो आकारण्याचा अधिकार २०११ च्या एका वैधानिक आदेशाने नगरपालिकांना मिळाला, म्हणून दर आणि सवलती शहरागणिक वेगळ्या आहेत. आरक्षण करताना भरलेल्या रकमेत तो पुष्कळदा धरलेला नसतो. रोममध्ये ऑक्टोबर २०२३ पासून तीन तारांकित हॉटेलात माणशी रात्रीला ६ युरो, चार तारांकितात साडेसात आणि पंचतारांकितात १० युरो असा दर लागू झाला. त्या हिशेबाने तीन तारांकित हॉटेलात पाच जणांच्या तीन रात्रींचे ९० युरो होतात. मुलीच्या वयामुळे येथे गंमत आहे: रोममध्ये दहा वर्षांखालील मुलांना कर नाही, म्हणजे अकरा वर्षांच्या मुलीचा पूर्ण कर पडतो, व्हेनिसमध्ये दहा ते सोळा वयोगटाला अर्धा दर आहे, आणि फ्लॉरेन्समध्ये बारा वर्षांखालच्यांना माफी आहे, म्हणजे तिचा काहीच पडू नये. काउंटरवर घाईत पाच माणसांचा सरसकट हिशेब मांडला जातो, म्हणून फ्लॉरेन्समध्ये हे विचारावेच: ‘फीनो आ के एता नोन पागानो ई बाम्बीनी?’, म्हणजे ‘किती वयापर्यंत मुलांना पडत नाही?’, आणि पुढे ‘आ उन्दिची आन्नी’, म्हणजे ‘ती अकरा वर्षांची आहे’. इटालियनमध्ये वय ‘असते’ असे न म्हणता ‘जवळ आहे’ असे म्हणतात, त्यामुळे येथे ‘आ’ येतो. ‘ए’ म्हणू नये. ‘आन्नी’मधला जोड न दाबून म्हणावा.

आरंभीच ‘ला तास्सा दी सोज्जोर्नो ए कोम्प्रेसा?’, ‘मुक्कामाचा कर किमतीत धरला आहे का?’, असे विचारले की पुढचे गैरसमज टळतात. त्यानंतर ‘सी प्वो पागारे कोन ला कार्ता, ओ सोलो इन कोन्तान्ती?’, कार्ड चालते की फक्त रोख. काही लहान ठिकाणी कर रोख घेतात, तेव्हा तेवढी रक्कम हाताशी असावी, आणि ‘ला रिचेवूता, पेर फावोरे’ असे म्हणून पावती घ्यावी.

व्हेनिससाठी एक जादा प्रश्न आहे. २५ एप्रिल २०२४ पासून त्या शहराने गर्दीच्या ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेणे सुरू केले. शहराच्या हद्दीत रात्री मुक्काम करणाऱ्यांना ते माफ आहे, आणि आपल्याकडचे बरेच प्रवासी ज्या मेस्त्रेमध्ये उतरतात तेही त्याच नगरपालिकेत येते. मात्र माफीची नोंद जवळ असावी लागते, म्हणून हॉटेलला ‘दोब्बियामो रेजिस्त्रार्ची पेर लेझेन्त्सियोने?’, म्हणजे ‘माफीसाठी आम्हाला नोंद करावी लागते का?’, असे पोहोचण्यापूर्वीच लिहून विचारावे.

गाडीचा प्रश्न फक्त फ्लॉरेन्सपुरता आहे. जुन्या शहरांच्या मध्यभागी मर्यादित वाहतुकीचा विभाग असतो, त्याच्या तोंडाशी कॅमेरे असतात आणि परवानगीशिवाय आत गेलेल्या गाडीला दंड होतो. भाड्याच्या गाडीचा दंड काही महिन्यांनी घरच्या पत्त्यावर येतो. हॉटेल त्या विभागात असेल तर पाहुण्याच्या गाडीचा क्रमांक कळवण्याची सोय हॉटेलकडे असते. ‘कोमुनिकाते वोई ला तार्गा?’, म्हणजे ‘गाडीचा नंबर तुम्ही कळवता ना?’, हे फोनवर, गाडी आत घालण्याच्या आधी विचारावे. शेतघराला हा प्रश्न नाही. तेथे दुपारच्या शांततेचा नियम असू शकतो, आणि कागदावर ‘सिलेन्त्सियो’ शब्दापुढे वेळ लिहिलेली असते.

दारामागचा कागद वाचायला तीन शब्दरूपे पुरेशी आहेत. ‘व्येतातो’ म्हणजे मनाई, आणि त्याच्या आधी ‘सेवेरामेन्ते’ असेल तर सक्त मनाई. ‘सी प्रेगा दी’ म्हणजे कृपया, आणि त्यापाठोपाठ ‘नोन’ आले की कृपया करू नये. तिसरे ‘ओब्लिगातोरियो’, म्हणजे बंधनकारक. मिळणाऱ्या उत्तरांत ‘चेर्तो’ म्हणजे खुशाल, ‘वा बेने’ म्हणजे ठीक आहे, ‘पुर्त्रोप्पो नो’ म्हणजे दुर्दैवाने नाही, आणि ‘दिपेन्दे’ म्हणजे परिस्थितीवर अवलंबून. ‘दिपेन्दे’ ऐकले की तेथेच थांबू नये. ‘दा के कोसा?’, ‘कशावर?’, असे विचारावे, कारण त्यापुढेच खरा नियम सांगितला जातो. बोलणे भराभर होऊ लागले तर ‘प्यू लेन्तामेन्ते, पेर फावोरे’, म्हणजे ‘जरा सावकाश’.

ज्येष्ठांसाठी शेवटची सूचना. न्हाणीघरात शॉवरजवळ किंवा टबच्या वर एक बारीक दोरी लोंबत असते. ती दिव्याची किंवा पंख्याची नाही. पडल्यास किंवा बरे न वाटल्यास मदत बोलावण्याची आहे. खोलीत शिरताच सासू-सासऱ्यांना ती दाखवून ठेवावी, म्हणजे खरोखर गरज पडली तर तिचा उपयोगही त्यांना कळेल. चुकून ओढली गेली आणि दारावर कोणी आले, तर दार उघडून ‘तुत्तो बेने, ए स्तातो ऊनो झ्बाल्यो’, म्हणजे ‘सगळं ठीक आहे, चुकून झालं’, एवढे सांगितले की ती व्यक्ती परत जाते. हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून खोलीच्या किल्लीबरोबर त्यांच्याजवळ द्यावे.